बंधुभाव (फक्त ओळखीतल्यांसाठी)

दिवाळीत चिखलीला गेलो होतो. पुण्याहून रात्रभराची ट्रॅव्हल्स, अंग आंबलेलं, चहाचा पहिला घोट अजून घशाखाली उतरायचा होता. तेवढ्यात काकांनी मोबाइल नाकासमोर धरला.

"हे पाय. फ्रीमेसन म्हणतेत याईले. साऱ्या जगाचा कारभार हेच लोक चालवतेत. तू तं कम्प्युटरवाला, तुले माहीत असीन."

व्हिडिओ नेहमीचाच होता. डॉलरच्या नोटेवरचा डोळा, घुमणारं संगीत, हिंदीत दरडावणारा आवाज, आणि शेवटी 'हा व्हिडिओ डिलीट व्हायच्या आत दहा जणांना पाठवा'. काकांनी तो पाठवलाही होता, आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली एकवीस अंगठे.

मी म्हटलं, "काका, हे सगळं थोतांड आहे."

"मंग खरं काय हाये ते सांग ना."

आता आली का पंचाईत! मला तरी कुठे माहीत होतं? 'थोतांड आहे' हे मीसुद्धा कुठूनतरी उचललेलंच वाक्य. म्हणून पुण्याला परत आल्यावर तीन वीकेंड या विषयामागे घातले. वाचता वाचता काकांचा व्हिडिओ बाजूला राहिला आणि भलतंच काहीतरी हाताला लागलं. ते फारसं सुखाचं नाही, माझ्यासाठी तर अजिबातच नाही. असो. नमनाला घडाभर तेल झालं.

आधी सैतानाचा निकाल लावू. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉजचे लोक जमले आणि त्यांनी पहिलं ग्रँड लॉज स्थापन केलं. दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघटनांची भाषा आणि हत्यारं यांनी उचलली: काटकोन, कंपास, ॲप्रन. प्रत्यक्षात दगडाला हात कुणी लावत नाही. माणसाने स्वतःला घडवायचं, असा तो रूपकाचा मामला. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या. परमेश्वर मानायचा, तो कुठल्या धर्माचा हे विचारायचं नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. (ही एक अट आमच्या फॅमिली ग्रुपला लावली तर निम्मी भांडणं मिटतील.)

भारतात हे प्रकरण १७३० च्या सुमारास कलकत्त्यात आलं. स्वातंत्र्यानंतर, २४ नोव्हेंबर १९६१ ला, ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. पहिले ग्रँडमास्टर रामपूरचे नवाब रझा अली खान. देशाचे चार विभाग पाडले: उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण. प्रत्येक विभागावर एक रीजनल ग्रँडमास्टर. आपला महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो आणि मुंबईत फोर्टमध्ये, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यांचा फ्रीमेसन्स हॉल आहे. भारतातल्या लॉजमध्ये शपथेसाठी गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता हे ग्रंथ असतात. कामं म्हणाल तर देणग्या, शाळांना मदत, आरोग्य शिबिरं, म्हणजे तालुक्याच्या गावी रोटरी आणि लायन्सवाले करतात तशीच. बाकी सभा, इतिवृत्त, वर्गणी आणि जेवण. आमच्या हाउसिंग सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग ॲप्रन घालून केली तर जे दिसेल ते, फक्त जास्त शिस्तीत.

पूर्वी लोक लॉजच्या इमारतीला 'जादूघर' म्हणायचे. दार बंद, खिडक्या बंद, आत साहेब लोक काय करतात कुणाला ठाऊक. दार बंद असलं की लोक आत भूत कल्पितात. काकांचा व्हिडिओ म्हणजे त्याच जादूघराची नवी आवृत्ती.

पण सैतान नाही म्हणून सगळं आलबेल आहे, असंही नाही. माझं खरं भांडण इथून सुरू होतं.

मुंबईतल्या माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांची गोष्ट ऐका. शिकलेला, सधन, इंग्रजांत ऊठबस असलेला माणूस. विश्वबंधुत्वाची भाषा ऐकून मुंबईच्या लॉजकडे गेला. तिथल्या साहेबांनी नकार दिला, कारण उघड होतं. गडी पठ्ठ्या! युरोपात गेला, पॅरिसच्या लॉजने त्याला रीतसर सभासद करून घेतलं. आता तो फ्रीमेसन होता, जगातल्या कुठल्याही लॉजने 'भाऊ' म्हणावं असा. मुंबईला परत आला. तरीही दार बंदच.

शेवटी जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मार्ग काढला. पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजचा तो प्रमुख होता. १८४३ साली त्याने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे नवं लॉज काढलं, हिंदी लोकांना घेणारं. त्या काळाच्या मानाने बर्न्सने धाडस केलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण नीट बघा काय झालं ते. जुन्या लॉजचं दार उघडलं नाही, शेजारी दुसरं बांधलं. आपल्याकडे याला वेगळा पाणवठा म्हणतात.

आणि हिंदूंना? त्यांना आणखी थांबावं लागलं. 'हे लोक अनेक देव मानतात, एका परमेश्वराची शपथ कशी घेणार?' असा प्रश्न होता. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ ला अर्ज केला आणि १८७२ ला त्यांना आत घेतलं. नऊ वर्षं! आपल्याकडे पासपोर्टला तीन आठवडे लागले तर आपण ट्विट करतो. पुढे मात्र बडी मंडळी आत गेली. विवेकानंद, संन्यास घेण्याआधीचे नरेंद्रनाथ दत्त, १८८४ साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये दाखल झाले होते. फिरोजशहा मेहता आणि मोतीलाल नेहरू हेही फ्रीमेसन.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये गेला. तिथे हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू असे सगळे 'भाऊ' एकत्र बसायचे, आणि त्याचं त्याला आयुष्यभर अप्रूप होतं. मला अप्रूप वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आत भाऊ असलेला हा माणूस दाराबाहेर पडला की पुन्हा साहेब आणि साम्राज्याचा भाट. आतली समता उंबरठा ओलांडत नव्हती. मग ती समता कसली? तो तर एक छान संध्याकाळचा कार्यक्रम झाला.

बायकांचं तर विचारूच नका. ग्रँड लॉज ऑफ इंडियात आजही फक्त पुरुष. ॲनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी फ्रीमेसन शाखा इथे आणली, पण मूळ लॉज तिला आपलं मानत नाही. पुन्हा वेगळा पाणवठा.

निवडीची जुनी पद्धतही बघा. सभासद एका पेटीत गोळ्या टाकतात. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळी कुणी टाकली ते कळत नाही, का टाकली ते सांगावं लागत नाही. हे काळ्या गोळीचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यावर फ्रीमेसनांचं ठरलेलं उत्तर असतं: आमची संस्था गुप्त नाही, फक्त आमची काही गुपितं आहेत. पदाधिकारी जाहीर आहेत, इमारतीवर पाटी आहे. ठीक, मान्य. शिवाय खाजगी संस्था आहे, कुणाला घ्यायचं हा त्यांचा प्रश्न. तेही मान्य. बुलढाण्यात मी लॉज पाहिलेलं नाही, त्यांनी माझं काही वाकडंही केलेलं नाही. मग मी कशाला तापतोय?

कारण बंद दाराची किंमत शेवटी कुणीतरी मोजतं. दोन याद्यांच्या गोष्टी सांगतो.

पहिली आपल्या मुंबईची. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. हे जातिभेदाच्या विरोधात होते. सभासद व्हायचं तर पाववाल्याच्या हातचा पाव खायचा, म्हणजे जात मोडल्याची खूण. हे सगळं अगदी गुप्त, कारण उघड झालं तर वाळीत पडणार. १८६० च्या सुमारास कुणीतरी सभासदांची यादीच पळवली आणि नावं फुटायला लागली. सभा पाहता पाहता विरली. दहा वर्षं जातिभेद मोडत होते, पण बंद खोलीत. बाहेर आपापल्या जातीच्या पंगतीला बसत होते. दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ ला प्रार्थना समाज काढला तो उघडपणे, आणि तो टिकला.

दुसरी यादी इटलीतली. मार्च १९८१ मध्ये पोलिसांनी लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या जागेवर छापा घातला. हा 'पी टू' नावाच्या लॉजचा प्रमुख. इटलीच्या मुख्य फ्रीमेसन संस्थेने त्या लॉजला आधीच दूर केलं होतं, तरी ते चालूच होतं. यादी सापडली, ९६२ नावांची. मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, वृत्तपत्रवाले. सरकार कोसळलं. १९८२ साली इटलीने गुप्त संघटनांविरुद्ध कायदाच केला.

आता फरक बघा. परमहंसवाले समाजाच्या भीतीने लपले होते. दुबळ्याची गुप्तता मी समजू शकतो, जीव वाचवायला माणूस लपतोच. 'पी टू'वाले खुर्च्यांवर बसून लपले होते. खुर्चीवरच्या माणसाला गुप्ततेचा हक्क नाही, हे माझं म्हणणं आहे आणि त्यात मी तसूभर मागे येणार नाही. इंग्लंडमध्ये १९९८ पासून नव्या न्यायाधीशांना 'मी फ्रीमेसन आहे की नाही' हे सांगावं लागायचं. २००९ ला ती अट काढून टाकली, कारण या सभासदत्वामुळे काही गैर घडल्याचा पुरावा मिळाला नाही. फ्रीमेसन म्हणतील, बघा, उगाच संशय घेतला! मी म्हणतो, विचारलं म्हणून तर संशय फिटला. न विचारता तो दोनशे वर्षं तसाच राहिला असता आणि माझ्या काकांच्या मोबाइलपर्यंत पोचला असता. पोचलाच आहे.

आता घरी येतो.

परमहंस सभा विरल्यावर तेरा-एक वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. इथेही शपथ होती, बेलभंडार उचलून घेतलेली. इथेही बंधुभावाची भाषा होती. पण दार उघडं. कुठल्याही जातीच्या, धर्माच्या माणसाला येता येई. कामाचा अहवाल छापून प्रसिद्ध केला. पुढे जलसे निघाले, तेही गावच्या चौकात, सगळ्यांसमोर. फुल्यांचं पहिलं मराठी चरित्र १९२७ साली लिहिलं ते आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पंढरीनाथ पाटलांनी. पुणे-मुंबईच्या एवढ्या विद्वानांना जे सुचलं नाही ते एका वऱ्हाडी तरुणाने केलं. चौकातली चळवळ गावागावांत गेली म्हणून आमच्या जिल्ह्यात तिचा लेखक निघाला. बंद खोलीतली सभा आमच्यापर्यंत कधीच पोचली नसती.

'उघडं असलं की सगळं चांगलंच होतं का?' असं कुणीतरी विचारणारच. नाही होत. आमची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक घ्या. सभासद हजारो, वार्षिक सभा होतात, हिशोब छापले जातात. तरी २०१२ च्या सुमारास नागपूर आणि वर्ध्याच्या बँकांसोबत ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावरून बंद पडायच्या बेतात आली आणि पुढे सरकारला पैसा ओतावा लागला. पण निदान ते बाहेर आलं, पेपरात छापून आलं, लोक चिडले. उघड्या दारातून चोर दिसतो तरी.

आणि आता फ्रीमेसनांच्या बाजूने एक गोष्ट, कारण प्रामाणिकपणा दोन्हीकडून हवा. लॉजच्या मुख्य खुर्चीवरचा माणूस साधारणपणे वर्षभर बसतो आणि उतरतो. पुढच्याला खुर्ची देतो आणि साध्या सभासदांत जाऊन बसतो. तीनशे वर्षांची संस्था अशी चालते. आपल्याकडची मंडळं आठवा. गणेश मंडळ, शिक्षण मंडळ, समाजाचं वसतिगृह, वधू-वर सूचक मंडळ... अध्यक्ष कोण? तेच, जे आपण पहिलीत असताना होते. ते थकले की त्यांचे चिरंजीव. काळ्या ॲप्रनच्या, डोळ्याच्या, त्रिकोणाच्या व्हिडिओला आपण घाबरतो, आणि बावीस वर्षं एकाच खुर्चीला चिकटलेल्या माणसाला हार घालतो.

हे लिहिताना मला चेव चढत होता, हे कबूल करतो. मग ती काळी गोळी आठवली.

दीड वर्षापूर्वी आमच्या टीममध्ये एक जागा निघाली. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत मी होतो. शेवटी दोघं उरले. एक मुलगी, नांदेडकडची, साध्या कॉलेजची. डेटाबेसच्या प्रश्नावर तिने मलाच एक गोष्ट शिकवली. दुसरा आमच्याकडचा मुलगा. आमच्याकडचा म्हणजे जिल्ह्याचा, आणि समाजाचाही. त्याचं नाव मला समाजाच्या त्याच ग्रुपवरून आलं होतं, 'आपला पोरगा आहे, बघ जरा' असं. पोरगा वाईट नव्हता. तिच्याइतका चांगला मात्र नव्हता.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, टीममध्ये कितपत रुळेल असा. तिच्यापुढे मी लिहिलं, 'थोडी शंका वाटते'. तीन शब्द. कुणी विचारलं नाही की कसली शंका. मलाही सांगावं लागलं नाही. मुलगा लागला, रेफरलचे पैसे माझ्या पगारात जमा झाले, त्याच्या आईने चिखलीहून चिवडा पाठवला. तो मी खाल्ला.

मी कुठल्याही लॉजचा सभासद नाही. शपथ घेतली नाही, ॲप्रन घातला नाही. पण पेटीत काळी गोळी टाकली, आणि ती टाकणारा मीच, हे तिला कधीच कळणार नाही. माणेकजीला दार लावणाऱ्या साहेबांना मी वर नावं ठेवली. त्यांच्याजवळ निदान दार होतं आणि ते लावताना दिसायचं. माझ्याजवळ फक्त एक रकाना होता.

मंडळी, तुमच्यापैकी किती जण पुण्या-बंगळुरात अशाच कुठल्यातरी ग्रुपवर आहेत? आपल्या कॉलेजचा, आपल्या जिल्ह्याचा, आपल्या समाजाचा. खोली मिळवायला, नोकरी मिळवायला, स्थळ बघायला. मीही पुण्यात आलो तेव्हा पहिले चार महिने समाजाच्या वसतिगृहातच काढले. गावाकडून आलेल्या पोराला कुणीतरी हात द्यावा लागतो, हे मी नाकारत नाही. पण हात देणं वेगळं आणि दुसऱ्याचा हात सोडवणं वेगळं. नोकरीच्या खुर्चीवर बसून मी जे केलं ते दुसरं.

म्हणून मी आता कुठल्याही भावकीला, मंडळाला, लॉजला, ग्रुपला चारच प्रश्न विचारायचं ठरवलंय. आत कोण येऊ शकतं, आणि नकार दिला तर कारण सांगता का? पुढारी कोण निवडतं, आणि तो उतरतो कधी? हिशोब कोण बघतं? आणि तुमचा सभासद बाहेर खुर्चीवर बसला की तुमच्याशी असलेलं नातं उघड करतो का? फ्रीमेसनांना यात दुसऱ्या प्रश्नावर बरे गुण मिळतात, पहिल्यात ते सपशेल नापास. आमच्या समाजाच्या मंडळाला किती मिळतात ते मी लिहीत नाही, मला परत गावी जायचंय.

गेल्या रविवारी काकांना फोन केला. वाचलेलं सगळं सांगितलं. माणेकजीची गोष्ट त्यांना आवडली. मग हळूच विचारलं, "काका, आपल्या मंडळाचा हिशोब तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

"हिशोब कायले पाहाचा? अध्यक्ष आपलाच मानूस हाये ना."

ऑफिसात परवा पुन्हा एक रेफरल आला, त्याच ग्रुपवरून. मॅनेजरला मेल टाकली की उमेदवार माझ्या ओळखीचा आहे, या इंटरव्ह्यूला मी बसणार नाही. मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं होतं: 'त्यात काय एवढं?' नांदेडच्या त्या मुलीचं नाव मला अजून आठवतं. तिला काय लिहावं, हे मात्र अजून सुचलेलं नाही.